'टागो मागो'ची दुसरी तबकडी

प्रश्न असा आहे: "कॅन या जर्मन बँडचा १९७१ सालचा 'टागो मागो' ऐकला. पहिली तबकडी आवडली, 'हालेलूवा' तर तीनदा ऐकलं. दुसऱ्या तबकडीवरचं 'आउम्ग्न' मात्र सात-आठ मिनिटांत बंद केलं. हे सगळं ऐन वेळी सुचेल तसं वाजवलेलं आहे असं वाचलं. मग यात तयारी कसली आणि कौशल्य कसलं? आम्ही चार मित्रही असंच काही रेकॉर्ड करायचं म्हणतोय, म्हणून विचारतो."

तुम्ही 'आउम्ग्न' जिथे बंद केलंत, तिथेच माझंही ते कित्येक वर्षं बंद व्हायचं. हा अल्बम मला पहिल्यांदा मिळाला तो एका मित्राने भरून दिलेल्या नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर. पहिली तबकडी साडेसदतीस मिनिटांची. ती कॅसेटच्या एका बाजूवर बसली की साधारण साडेसात मिनिटं उरायची, आणि तेवढ्या जागेत 'आउम्ग्न' सुरू होऊन खाडकन तुटायचं. उलट्या बाजूवर मित्राने ते पुन्हा पहिल्यापासून भरलं नव्हतं, थेट पुढचं गाणं लावलं होतं. त्यामुळे मला ते माहीत होतं तेवढंच: एक लांबवलेला आवाज, व्हायोलिनचं कण्हणं आणि खूप अंधार. पुढची दहा मिनिटं पहिल्यांदा ऐकली तेव्हा हे काय प्रकरण आहे ते कळलं. त्याकडे मी येतोच.

मी तीस वर्षं ध्वनिमुद्रणाच्या कामात आहे. त्यातली सुरुवातीची सात-आठ वर्षं स्पूलवर, म्हणजे चकत्यांवर गुंडाळलेल्या टेपवर गेली. लहानपणी तबला शिकलो, पुढे ड्रम्सकडे वळलो. म्हणून माझं उत्तर दोन ठिकाणांहून येईल, तालाच्या बाजूने आणि टेपच्या बाजूने. 'टागो मागो' याच दोन गोष्टींवर उभा आहे असं माझं ठाम मत आहे. तो दोनदा रचला गेला: एकदा पाच जणांनी एका जुन्या वाड्यात वाजवताना, आणि नंतर त्यातल्या एकाने टेप कापताना. "सुचेल तसं वाजवलं" हे पहिल्या वेळेचं वर्णन झालं, तेही अर्धवट. दुसऱ्या वेळेबद्दल लोक फार कमी बोलतात.

आधी माणसं. १९६८ साली कोलोनमध्ये कॅन सुरू झाला तेव्हा त्यातले तिघं तिशीचे होते. रॉक बँडसाठी हे वय जास्तच. इर्मिन श्मिट पियानो वाजवायचा, वाद्यवृंद चालवायचा. होल्गर चुकाय आणि तो, दोघंही कार्लहाइन्झ श्टॉकहाउझन या त्या काळच्या सर्वांत धाडसी जर्मन संगीतकाराकडे शिकलेले. याकी लीबेत्साइट जॅझचा ड्रमर, मानफ्रेड शूफच्या फ्री जॅझ, म्हणजे ठरीव चाल आणि ताल झुगारणाऱ्या जॅझच्या, पंचकातून आलेला. चौथा मिशाएल कारोली, वय वीस, गिटार आणि व्हायोलिन वाजवणारा. चुकाय काही काळ शाळेत संगीत शिकवायचा, त्याचा हा विद्यार्थी. गुरूला बीटल्स ऐकवून रॉककडे वळवलं ते या शिष्याने.

प्रत्येक जण काहीतरी मागे टाकून आला होता. श्टॉकहाउझनने त्याच १९६८ च्या मे महिन्यात अशा रचना लिहिल्या ज्यांत एकही स्वर लिहिलेला नाही, वादकाने काय करावं याच्या फक्त शब्दांतल्या सूचना आहेत. म्हणजे या मंडळींचे गुरुजीही त्याच दारापाशी पोचले होते. पण गुरुजींकडे ताल नव्हता. नियमित ठोका त्या वर्तुळात जवळजवळ निषिद्ध मानला जायचा. लीबेत्साइटची तक्रार फ्री जॅझबद्दल हीच होती: नाव मुक्त, पण एक ताल धरून बसायची मात्र मुभा नाही. तो स्वतः सांगायचा की कुठल्याशा कार्यक्रमानंतर एका श्रोत्याने त्याला सुनावलं, एकसुरी वाजव! त्याने तो सल्ला जन्मभर पाळला. माझ्या मते कॅनचं सगळं संगीत त्या एका वाक्यातून निघालं.

आवाजासाठी पहिल्यांदा माल्कम मूनी हा अमेरिकन शिल्पकार होता. मानसिक त्रासामुळे तो १९६९ च्या शेवटी मायदेशी परतला. मे १९७० मध्ये म्युनिकच्या रस्त्यावर चुकाय आणि लीबेत्साइट एका कॅफेत बसले असताना समोर एक विशीतला जपानी मुलगा गाताना दिसला, युरोपभर भटकत निघालेला. आज रात्री आमचा कार्यक्रम आहे, गाशील का? तालीम नाही, गाणी नाहीत, थेट मंचावर. तो डामो सुझुकी. त्यानंतरची तीन वर्षं तो कॅनचा गायक होता आणि 'टागो मागो' हा त्याच्याबरोबरचा पहिला सलग अल्बम.

आता जागा. कोलोनजवळ न्योर्फेनिश नावाचं गाव आहे. तिथला जुना किल्लेवजा वाडा एका कलासंग्राहकाने या मंडळींना वर्षभर फुकट वापरायला दिला होता. उंच छताची दगडी दालनं, प्रचंड घुमणारी. ध्वनिमुद्रणाच्या दृष्टीने अशी जागा म्हणजे संकट. पण त्यांनी पडदे लावून घुमारा मारला नाही, त्यालाच वाद्यासारखं वापरलं. 'हालेलूवा'तला स्नेअर ड्रम आठवा. तो मार खाऊन कोरडा थांबत नाही, त्यामागे भिंतींचा एक पातळ श्वास येतो.

आणि यंत्र. १९७० पर्यंत लंडनच्या मोठ्या स्टुडिओंत आठ ट्रॅकची, म्हणजे आठ आवाज वेगवेगळे भरून ठेवणारी यंत्रं रुळली होती. यांच्याकडे होती दोन ट्रॅकची, म्हणजे घरगुती स्टिरिओच्या पातळीवरची, आणि मायक्रोफोन मोजके. याचा अर्थ नीट लक्षात घ्या, कारण तुम्हाला तो पुढे उपयोगी पडेल. दोन ट्रॅकवर भरलं की नंतर गिटार कमी, ऑर्गन जास्त असं काही करता येत नाही. कोण किती मोठा वाजला हे वाजतानाच ठरतं. एखादा फार जोरात वाजवत असेल तर त्याला दुसऱ्याचं ऐकून स्वतःच आवाज उतरवावा लागतो. मिक्सिंग नावाचं जे काम आज आम्ही दिवसच्या दिवस पडद्यासमोर बसून करतो, ते या पाच जणांनी कानाने, एकमेकांकडे बघत, त्या क्षणी केलं. तुम्ही विचारलंत कौशल्य कसलं, तर पहिलं कौशल्य हे. ते बोटांपेक्षा कानात जास्त आहे.

या मंडळींना 'इम्प्रोव्हायझेशन' हा शब्द फारसा आवडायचा नाही. ते म्हणायचे, आम्ही तत्क्षणी रचना करतो. फरक बारीक आहे पण खरा आहे. जॅझमध्ये आळीपाळीने एकेक जण पुढे येऊन आपली करामत दाखवतो. कॅनमध्ये कुणाचा 'सोलो' सापडणं कठीण. कारोलीची गिटार पुढे येते आणि पुन्हा गर्दीत मिसळते. श्मिट कित्येकदा मिनिटभर काहीच वाजवत नाही, आणि ते न वाजवणं ऐकू येतं.

आपल्याकडच्या कानाला हे समजायला एक वाट सोपी आहे. ख्याल गाणारा उपज करतो तेव्हा त्याच्या पायाखाली दोन गोष्टी पक्क्या असतात: रागाचं व्याकरण आणि तबल्याचा ठेका. कुठे जाऊ नये हे त्याला माहीत असतं, आणि सम कुठे आहे हेही. कॅनकडे राग नव्हता. बंदिश नव्हती. पाठीशी शतकांची शिस्त नव्हती. त्यांच्याकडे फक्त ठेका होता, म्हणजे लीबेत्साइट होता. म्हणून त्याने तो इतका घट्ट धरला. तबल्याचा सोलो ऐकताना हार्मोनियमवर लेहरा चालू असतो, तोच तो, अर्धा तास, आणि त्याच्या आधारावर तबलजी आकाशपाताळ एक करतो. 'हालेलूवा'त भूमिका उलट झालेल्या आहेत. लेहरा ड्रम्सवर आहे, भटकणारे बाकीचे आहेत.

एक प्रयोग सांगतो, मी शिकायला येणाऱ्या मुलांना हाच देतो. 'हालेलूवा' लावा आणि साडेअठरा मिनिटं फक्त ड्रम्स ऐका. दुसरं काही नाही. पहिल्या पाच मिनिटांत वाटेल की हा माणूस एकच गोष्ट वाजवतोय. आठव्या-नवव्या मिनिटाला लक्षात येईल की हाय-हॅट, म्हणजे पायाने उघडझाप होणारी झांजांची जोडी, कधी किंचित उघडतेय, मधला एखादा हलका ठोका कधी आहे कधी नाही, आणि हे बदल दुसऱ्या कुणीतरी काही केल्यावर होताहेत. तो उत्तर देतोय. मान हलवल्यासारखं उत्तर, हो, ऐकलं. मग दुसऱ्यांदा फक्त बास ऐका. चुकाय दोन-चार स्वरांपलीकडे जात नाही. बास वाजवणारा बुद्धिबळातल्या राजासारखा असतो, फार हलत नाही पण हलला की सगळा पट बदलतो, असं तो म्हणायचा, आणि ते या गाण्यात शब्दशः ऐकू येतं. तिसऱ्यांदा डामोकडे लक्ष द्या. मध्येच तो याच अल्बममधल्या आधीच्या तीन गाण्यांची नावं घेऊन जातो. आदल्या गाण्यांचे तुकडे डोक्यात घोळत असणार, समोर ताल चालू आहे, ते तोंडातून बाहेर पडले. कागदावर लिहून असं येत नाही.

आता टेप. हा भाग मला सगळ्यात जवळचा आहे, थोडं लांबलं तर सांभाळून घ्या.

ही मंडळी वाड्यात तासन् तास वाजवायची आणि चुकाय यंत्र चालू ठेवायचा. बास वाजवायचा तोच, रेकॉर्ड करायचा तोच. एवढंच नाही, एखादं यंत्र बिघडलं, वायर तपासायची आहे, सगळे थांबलेत, अशा रिकाम्या वेळात कोणी सहज काही छेडत असेल तेही तो गुपचूप भरून घ्यायचा. मग त्या ढिगातून तो गाणं काढायचा. साधन काय, तर दाढीचं ब्लेड, टेप बसवायची खाच असलेला धातूचा ठोकळा आणि चिकटपट्टी.

मी हे काम केलेलं आहे म्हणून सांगतो, ते नेमकं काय असतं. पाव इंची टेप सेकंदाला ३८ सेंटिमीटर वेगाने धावते असं धरा. त्या हिशोबाने 'हालेलूवा'ची लांबी होते सव्वाचारशे मीटर. मिनिटाला ११० ठोके असतील तर एका ठोक्याला २१ सेंटिमीटर टेप. कापायची जागा डोळ्यांना दिसत नाही. दोन्ही चकत्या हाताने मागेपुढे फिरवत, टेप वाचणाऱ्या हेडवरून ती सावकाश घासत, त्या गुरगुरण्यातून ठोक्याची सुरुवात कानाने पकडायची, मेणाच्या पेन्सिलीने खूण करायची आणि कापायचं. अर्धा सेंटिमीटर इकडेतिकडे झालं की १३ मिलिसेकंद घसरलात. तालात बसलेल्या कानाला तेवढं पुरतं, पाय अडखळतो. काप तिरका द्यायचा, म्हणजे एक आवाज मावळत दुसरा उगवतो. पण स्टिरिओ टेपवर काप फार तिरका दिला तर एक बाजू दुसऱ्या बाजूच्या आधी बदलते. माझ्या उमेदवारीत मी अशी एक टेप कापली होती, डावा आवाज उजव्याच्या आधी उडी मारायचा. तो तुकडा पुन्हा जोडायला मला पूर्ण रात्र लागली.

आता यात दोन गोष्टी मिळवा. एक म्हणजे वाड्याचा घुमारा. घुमणाऱ्या जागेत कापणं फार अवघड, कारण आधीच्या सुराचं शेपूट अर्ध्यात तुटतं आणि काप उघडा पडतो. त्यावर उपाय एकच: काप जोरदार ठोक्यावर द्यायचा, म्हणजे ठोका त्या तुटलेल्या शेपटावर पांघरूण घालतो. दुसरी म्हणजे लय. सकाळी वाजवलेला तुकडा संध्याकाळी वाजवलेल्या तुकड्याला जोडायचा तर दोन्हींची लय एक हवी. आज क्लिक ट्रॅक असतो, कानात टिकटिक चालू असते. इथे नव्हती. इथे लीबेत्साइट होता. तो एकसुरी आणि पक्का नसता तर चुकायच्या हातातल्या ब्लेडला कापायला जागाच मिळाली नसती. ड्रमरने हजारदा तेच वाजवलं म्हणून संपादकाला हजार दरवाजे मिळाले. वाजवणं आणि कापणं या दोन गोष्टी या अल्बममध्ये वेगळ्या करताच येत नाहीत, त्या इथे जुळतात.

हे फक्त जर्मनीत चाललं होतं असं नाही. अमेरिकन जॅझ वादक माइल्स डेव्हिसच्या १९६९ सालच्या 'इन अ सायलेंट वे' या अल्बममध्ये निर्माता टिओ मॅसेरोने सुरुवातीचा भाग कापून शेवटी पुन्हा जोडला, आणि ऐन वेळच्या वाजवण्याला आकार आला. मात्र तिथे वाजवणारा एक आणि कापणारा दुसरा. कॅनमध्ये कापणारा स्वतः त्या खोलीत बास घेऊन उभा होता, कुठला क्षण खरा होता हे त्याच्या अंगाला माहीत होतं. मला हा फरक मोठा वाटतो.

पहिल्या तबकडीवरचं बाकीचं भराभर सांगतो, ते तुम्हाला आवडलेलंच आहे. 'पेपरहाउस' झोके घेत सुरू होतं आणि मध्ये त्याच्या अंगात येतं. 'मशरूम' चारच मिनिटांचं, जवळपास नुसते ड्रम्स आणि आवाज. त्यातलं मशरूम म्हणजे अणुबॉम्बचा ढग असं बरेच जण मानतात, गाणारा जपानी आहे हे लक्षात घेता मलाही ते पटतं. ते स्फोटाच्या आवाजात संपतं आणि त्यातूनच 'ओ येह' निघतं, ज्यात डामोचा आवाज आधी उलटा फिरवलेला आहे, पुढे तो जपानीत गातो. उलटा फिरवणं हेसुद्धा टेपचंच काम. तुकडा उलटा करून जोडायचा. ठोका सरळ चाललाय आणि शब्द मागे चाललेत, हे एकत्र ऐकताना अजूनही माझ्या मानेवर काटा येतो.

आणि आता तुमचं 'आउम्ग्न'.

मूळ बेत एकाच तबकडीचा होता. बँडचं व्यवस्थापन बघणाऱ्या हिल्डेगार्ड श्मिट, म्हणजे इर्मिनच्या पत्नी, यांनी आग्रह धरला की हे अवघड सामानही लोकांपुढे जायला हवं, आणि अल्बम दोन तबकड्यांचा झाला. मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे. नुसती पहिली तबकडी विकणं सोपं होतं.

'आउम्ग्न' हा शब्द आपल्या कानाला ॐसारखा वाटतो आणि तो आहेही त्यावरूनच. अलिस्टर क्रॉली नावाचा एक इंग्रज गूढविद्यावाला होऊन गेला, त्याने ॐची अक्षरं वाढवून हा शब्द बनवला. गाण्यात तो म्हणणारा डामो नाही, श्मिट आहे. तुम्ही सात मिनिटांत बंद केलंत कारण तुमचा कान पहिल्या तबकडीवरून लीबेत्साइटची सवय लागलेला आला आणि इथे ठेका काढून घेतलेला आहे. पायाखालची फळी नाही. मग उरतं काय? खोली उरते. टेप उरते. आवाज सुटतो, भिंतींवर जातो, टेपच्या प्रतिध्वनीतून परत येतो, परत आलेल्यावर पुढचा आवाज पडतो. पहिल्या तबकडीत वाडा ड्रमच्या मागे होता, इथे तो पुढे आला आहे आणि माणसं त्याच्या आत हरवली आहेत. हे वाजवताना त्यांना पुढचा ठोका कुठे पडेल हे माहीत नव्हतं, म्हणून प्रत्येक आवाजानंतर थांबून ऐकावं लागलं. ऐकण्याचा तो ताण रेकॉर्डमध्ये उतरला आहे. ज्याला तुम्ही पोकळी म्हणाल ती पाच माणसांनी कान टवकारलेली शांतता आहे.

माझी कॅसेट जिथे तुटायची त्याच्या पुढे बऱ्याच वेळाने ड्रम्स येतात. आधी लांबून, मग जवळ, मग इतके दाट आणि बेभान की पहिल्या तबकडीवरचा तो शिस्तीचा माणूस हाच का, असा प्रश्न पडावा. हाच. त्याला हे सगळं येत होतं. 'हालेलूवा'त त्याने ते साडेअठरा मिनिटं आवरून धरलं होतं. त्या शेवटच्या भागापर्यंत पोचलो त्या दिवशी मला पहिली तबकडीही नव्याने कळली.

त्यानंतरचं 'पेकिंग ओ' मला मात्र आजही पूर्ण पटत नाही, ते स्पष्ट सांगतो. डामो भाषा सोडून देतो, नुसतं बडबडणं, किंकाळणं, शब्दांचा चुरा. ते धाडस मोठं आहे. पण त्यात एका टप्प्यावर ताल धरायला यंत्र आहे, त्या काळचा साधा र्‍हिदम बॉक्स, आणि यंत्र कुणाचं ऐकत नाही. डामो ओरडला काय किंवा थांबला काय, त्याची टिकटिक तीच. त्यामुळे ते गाणं मला संवादासारखं न वाटता एका माणसाने भिंतीशी केलेल्या झटापटीसारखं वाटतं. तरी ते वगळून ऐकू नका. त्यानंतर येणारं 'ब्रिंग मी कॉफी ऑर टी' इतकं शांत, इतकं मऊ वाटतं ते 'पेकिंग ओ'तून बाहेर पडल्यामुळेच.

आता तुमच्या चौघांचं. तुम्ही काय वाजवता ते लिहिलं नाहीत, त्यामुळे वाद्यांबद्दल न बोलता बाकीचं सांगतो.

सगळे एका खोलीत बसा, एकमेकांचे चेहरे दिसतील असे. प्रत्येकाच्या कानात वेगळा हेडफोन आणि प्रत्येकाला वेगळा ट्रॅक हा मोह पहिल्या दिवशी टाळा. दोन मायक्रोफोन खोलीत नीट जागा शोधून लावा. ती जागा शोधायला तास गेला तरी चालेल. आवाज बसत नसेल तर यंत्राला हात लावू नका, माणसाची खुर्ची सरकवा. कुणाला शेजारच्याचं वाद्य ऐकू येत नसेल तर त्याने आपला आवाज उतरवायचा, शेजाऱ्याला वाढवायला सांगायचं नाही. हा एक नियम पाळलात तर तुमचा निम्मा प्रश्न सुटला.

चौघांपैकी एकाने न बदलण्याची जबाबदारी घ्यायची. तो ड्रमरच असायला हवा असं नाही. पण कुणीतरी एक आकृती धरायची आणि किमान दहा मिनिटं सोडायची नाही. हे ऐकायला सोपं आहे, करायला फार कठीण. चौथ्या मिनिटाला हात शिवशिवतात, सहाव्याला वाटतं की आपण मूर्ख दिसतोय. त्या पलीकडे जा. काहीतरी घडतं ते बहुधा सातव्या-आठव्या मिनिटानंतर, जेव्हा दाखवण्याची हौस संपते. माझ्या अनुभवात नव्याने बसणाऱ्या गटांचं वाजवणं फसतं ते एकाच कारणाने: चौघंही एकाच वेळी भटकतात.

क्लिक लावू नका. लय थोडी चढली, उतरली तर ती तुमची आहे.

यंत्र चालू ठेवा, अगदी गप्पा चालू असतानाही. काही वर्षांपूर्वी आम्ही पाच जणांनी पुण्यात एका मित्राच्या घरी तीन तास वाजवलं होतं. त्यातून शेवटी अकरा मिनिटं राहिली, आणि त्यातली सगळ्यात चांगली चार मिनिटं कुठली, तर बास वाजवणारा आपली वायर हलवून खरखर कुठून येते ते तपासत असताना बाकीचे त्याची वाट बघत जे सहज वाजवत होते ती. त्या खरखरीला कुणीतरी लय दिली आणि सगळे त्यात शिरले. चुकाय गुपचूप का भरायचा ते मला त्या दिवशी उमगलं. लाल दिवा पेटला की माणूस सावध होतो आणि सावध माणूस ओळखीचंच वाजवतो.

भरलेलं लगेच ऐकू नका. आठवडाभर ठेवा. त्या रात्री आपल्याला जे आवडलेलं असतं ते बहुतेक वेळा आपलं स्वतःचं वाजवणं असतं. आठवड्याने बसलात की दुसऱ्याचं ऐकू येऊ लागतं. मग सगळं पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा, हातात वही घेऊन, मध्ये न थांबवता ऐका आणि जिथे श्वास थांबला तिथली वेळ लिहा, बाकी काही नको. कापायचं काम चौघांनी मिळून करू नका, एकालाच द्या, आणि तो त्या खोलीत वाजवत बसलेला असावा. तो तुमचा आवडता भाग कापेल. कापू द्या. काप ठोक्यावर द्या, आज पडद्यावर आवाज डोळ्यांना दिसत असला तरी जागा डोळे मिटूनच ठरवा. वरून नंतर काही भरून चढवायचा मोह झाला तर आधी काहीतरी काढून बघा.

आणि हे सगळं करायच्या आधी एका रात्री 'आउम्ग्न' पुन्हा लावा. हेडफोन नकोत, स्पीकरवर, म्हणजे तुमच्या खोलीच्या भिंतीही त्यात येतील. दिवा मालवा. साडेसातव्या मिनिटाला हात बटणाकडे जाईल. तिथून पुढे अजून दहा मिनिटं आहेत.